साधा ट्रायपॉड आणि आकाशगंगा: आधी ट्रॅकर घ्यावा की रुंद लेन्स?

मेघमुक्त
हाताशी असलेलं साहित्य: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ एफ ३.५-५.६, एक ५० मिमी एफ १.८ आणि अ‍ॅल्युमिनियमचा साधा ट्रायपॉड. ठिकाण पुण्यापासून दोन-अडीच तासांवरचं, सह्याद्रीच्या कुशीतलं. काढायचं आहे ते असं: उन्हाळ्यात वृश्चिकाच्या नांगीपासून धनूपर्यंतचा आकाशगंगेचा गाभा, हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका.

मोठी खरेदी एकच होऊ शकते. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवत राहणारं यंत्र) घ्यावा, की ११-१६ एफ २.८ सारखी रुंद लेन्स?

दुसरा प्रश्न. तारे न ओढता जास्तीत जास्त किती वेळ शटर उघडं ठेवता येईल, हे सांगणारा ५००चा नियम १८ मिमीला १७ सेकंद देतो. तेवढ्या एक्स्पोजरमध्येही १०० टक्के मोठं करून पाहिलं की तारे लांबट दिसतात. नियम चुकतोय की फोकस?

अधोबिंदू
नियम जुना आहे. ५०० भागिले (फोकल लेंग्थ गुणिले सेन्सरचा क्रॉप गुणक) हे गणित फिल्मच्या आणि लहान प्रिंटच्या काळात पुरेसं होतं. आज पिक्सेल ३.७ ते ३.९ मायक्रॉनचे आहेत. त्यासाठी एनपीएफ हे नवं सूत्र वापरा: एफ क्रमांक गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, या बेरजेला फोकल लेंग्थने भागा. तुमच्या १८ मिमी एफ ३.५ ला १३ सेकंद येतात. ५० मिमी एफ २.८ ला जेमतेम ४. हा हिशोब खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांचा. ध्रुवाकडे सरकाल तसा वेळ वाढतो. देवयानी +४१ अंशांवर आहे, तिथे सुमारे १.३ पट सवलत मिळते.

फोकस चुकलाय का, हे ताऱ्याचा आकारच सांगतो. सगळे तारे एकाच दिशेला ओढलेले असतील तर वेळ जास्त झाला. गोल पण फुगलेले, मऊ कडांचे असतील तर फोकस. मध्यभागी टिपके आणि कोपऱ्यात पंख फुटलेले असतील तर तो लेन्सचा कोमा, त्यावर लेन्सचं छिद्र एक-दीड स्टॉप बंद करणं एवढाच उपाय. आणि तारे नागमोडी असतील तर ट्रायपॉड हलला.

देवयानी_३१
नागमोडीत भर. मधला दांडा वर काढू नका. हुकाला बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली ठेवा, अधांतरी बॅग वाऱ्यात झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. इमेज स्टॅबिलायझेशन बंद. शटर रिमोटने, रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर.

तिसरा_प्रहर
मेघमुक्त, एवढ्यात काहीच विकत घेऊ नका. आहे त्या साहित्यातून निदान एक हंगाम निघतो, फक्त एकाच फोटोवर विसंबणं सोडायला हवं.

१८ मिमी, एफ ३.५, आयएसओ ३२००, १३ सेकंद, रॉ. असे ४० फोटो ओळीने. एकूण प्रकाश साडेआठ मिनिटांचा जमतो. फोटो एकमेकांवर जुळवून सरासरी काढली की नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १६ फोटोंना चौपट फायदा, ४० ना सहापटीहून थोडा जास्त. जुळवायला सिक्वेटर (फक्त विंडोजवर), डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, तिन्ही मोफत. जमीनही हवी असेल तर सिक्वेटर सोपं पडतं. आकाशाचा भाग रंगवून दाखवला की ते तारे जुळवतं आणि जमीन जागेवर ठेवतं.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर मिटून बसतं आणि निम्मी रात्र खातं. त्याऐवजी शेवटी लेन्सला टोपण लावून, तोच आयएसओ आणि तोच वेळ ठेवून १५-२० डार्क फ्रेम घ्या, त्यांतला सेन्सरचा नॉइज नंतर फोटोंतून वजा करता येतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवरही काळी पट्टी लावा, तिथून प्रकाश आत झिरपतो. थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये डार्क नको म्हणतात, ते आपल्याकडे लागू नाही. सेन्सरचा उष्णतेचा नॉइज दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे मध्यरात्रीही २५ अंशांच्या वर पारा असतो.

स्क्रीनवर फोटो बघून आयएसओ ठरवू नका. अंधारात स्क्रीन नेहमीच उजळ वाटते. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटून पाव ते एक तृतीयांशावर आला की पुरे.

श्रवण_धनिष्ठा
डार्कबद्दल पूर्ण सहमत. त्याला जोडून: स्थिर ट्रायपॉडवर आकाश फ्रेममधून एकाच दिशेने सरकतं. तारे जुळवले की सेन्सरचे गरम पिक्सेल उलट दिशेला रांगोळीसारखे ओढले जातात. सरासरीनंतर पार्श्वभूमीवर तिरक्या रेघा दिसतात त्या याच. दर १०-१५ मिनिटांनी फ्रेम पुन्हा मध्यावर आणताना मुद्दाम थोडी वेगळी ठेवा, म्हणजे रेघा एकाच ओळीत साठत नाहीत.

सायली_रात्रपाळी
फोकसवर सविस्तर लिहिते, कारण नव्वद टक्के फोटो तिथेच बिघडतात.

लेन्सवरच्या अनंत चिन्हावर विश्वास नको. ऑटोफोकस लेन्सचं कडं अनंताच्या पुढेही फिरतं. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू, आणि एखादा ठळक तारा चौकटीच्या मध्याजवळ: उन्हाळ्यात स्वाती किंवा ज्येष्ठा, हिवाळ्यात व्याध. स्क्रीनवर दहापट मोठं करा. कडं फिरवत तारा लहानात लहान होईपर्यंत जा, त्याच्या पुढे जा, मग परत या. लेन्स पूर्ण उघडी असेल तर नेमक्या फोकसच्या एका बाजूला ताऱ्याभोवती जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट झाक दिसते, बरोबर जागा त्या दोन्हींच्या मधली. मग कड्यावर कागदी चिकटपट्टी. झूम लेन्स असेल तर झूमच्या कड्यावरही लावा, वर तोंड केलेली लेन्स आपल्या वजनानेच सरकते.

कॅननच्या एसटीएम आणि निकॉनच्या एएफ-पी जातीच्या लेन्समध्ये कड्याचा काचेशी थेट संबंध नसतो, मोटर काच हलवते. कॅमेरा बंद केला किंवा आपोआप झोपला की फोकस हलू शकतो. त्यांना चिकटपट्टीचा उपयोग नाही. ऑटो पॉवर ऑफ बंद करा आणि बॅटरी बदलली की फोकस नव्याने करा.

रात्र थंड होत जाते तसाही फोकस सरकतो. तासाभराने पुन्हा तपासा.

कोकणकडा_नाही
मोबाइलवर काही होतं का? ट्रायपॉडची क्लिप आहे.

श्रवण_धनिष्ठा
होतं. पिक्सेलच्या अ‍ॅस्ट्रो मोडमध्ये फोन स्वतःच १६ सेकंदांपर्यंतचे १५ फोटो काढून जुळवतो, म्हणजे चार मिनिटं. इतर फोनमध्ये प्रो मोड, आयएसओ १६०० ते ३२००, रॉ, आणि मुख्य कॅमेराच वापरा. अल्ट्रावाइडचं भिंग आणि सेन्सर दोन्ही लहान असतात. काळोख्या जागेवरून आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट येतो, तेजोमेघाचा तपशील नाही.

पंचांगवाला
साहित्यावर चर्चा झाली, आता वेळ. "अमावास्येच्या आसपास जा" हा सल्ला अर्धवट आहे. चंद्र कुठल्या बाजूचा चालेल, हे गाभा कधी वर येतो त्यावर ठरतं.

पुण्याच्या अक्षांशावर (१८.५ उत्तर) गाभा मार्चच्या मध्यात रात्री दीडच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यात साडेअकराला, मेच्या मध्यात साडेनऊला. उगवतो आग्नेयेला, दक्षिणेत जास्तीत जास्त ४२ अंशांवर चढतो, मावळतो नैऋत्येला. मेच्या मध्यात हा सर्वोच्च बिंदू पहाटे पावणेतीनच्या आसपास.

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये शुद्ध पक्ष घ्या. शुद्ध अष्टमीचा चंद्रही मध्यरात्रीनंतर तास-दीड तासात मावळतो आणि नेमका तेव्हाच गाभा वर येतो. त्याच दिवसांत वद्य दशमी-एकादशीला गेलात तर चंद्र खुद्द धनु राशीत बसलेला मिळेल. ऑक्टोबरात सगळं उलटं. पाऊस संपला की संधिप्रकाश सरल्यावर, साधारण साडेसातला, गाभा नैऋत्येला २५ अंशांच्या थोडा वर असतो आणि दहाच्या सुमारास मावळतो. तिथे वद्य सप्तमीपासून अमावास्येपर्यंत कुठलाही दिवस चालतो, कारण चंद्र गाभा मावळल्यावर उगवतो. शुद्ध तृतीया-चतुर्थी मात्र नको, चंद्र वृश्चिक-धनूच्या परिसरातच असतो.

एप्रिल-मे दोन्ही बाजूंनी उदार. मे महिन्यात वद्य दशमीलाही चंद्र अडीच वाजल्यानंतर उगवतो.

सूर्यास्तानंतर सव्वा तास जाऊ द्या. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय आकाश पुरतं काळं होत नाही.

खारा_वारा
वाचनखूण साठवली. आणि अमावास्येच्या रात्री माळावर जाऊ द्यायला घरचे तयार नसतील, तर शुद्ध पंचमीचा मुहूर्त दाखवता येईल हे उत्तम झालं!

राबवाडी
तिथी बरोबर, पण मावळात आणि कोकणच्या माथ्यावर मार्च ते मे आणखी एक गोष्ट बघायला हवी. या काळात शेतकरी भातरोपांच्या जागेवर राब (पालापाचोळा) भाजतात, डोंगरांना वणवे लागतात. धूर रात्री दरीत साचून क्षितिजापासून १५-२० अंशांपर्यंतचे तारे गिळतो. गाभा आपल्याकडे दक्षिणेला तसा खालीच असतो, त्यामुळे नुकसान थेट होतं. वरून मेमधली धूळ. उपग्रहाच्या चित्रात ढग नाहीत म्हणून निघालात आणि आकाश दुधाळ, हे त्यामुळे होतं.

यावर उतारा म्हणजे वळीव. वळवाची सर पडून गेल्यावर पुढच्या एक-दोन रात्री ढग नसतील तर हातातलं काम टाकून निघावं. धूळ-धूर खाली बसलेला असतो. मात्र संध्याकाळी पुन्हा ढग जमण्याची शक्यता असते, म्हणून हवामान खात्याची इन्सॅटची इन्फ्रारेड चित्रं निघण्यापूर्वी बघा. दृश्य प्रकाशातलं चित्र रात्री कामाचं नाही.

खारा_वारा
किनाऱ्यासाठी थोडं. पश्चिमेला समुद्र म्हणजे त्या बाजूला गावाचा उजेड नाही, म्हणून ऑक्टोबरातल्या नैऋत्येच्या गाभ्याला कोकणचा किनारा किंवा सडा (कातळाचं पठार) उत्तम. पण मासेमारीच्या बोटींचे दिवे आडवे पांढरे डाग पाडतात. लेन्सवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो, तो कोरड्या कपड्याने घासू नका, मीठ काचेवर ओरखडे काढतं. आधी ओलसर मायक्रोफायबरने टिपून घ्या.

सड्यावर फुरसं (विषारी साप) असतं, आणि ते रात्रीच फिरतं. घोट्यावर येणारे बूट, बॅगा बंद, खाली ठेवलेली वस्तू उचलण्याआधी बॅटरी मारून बघणं. लाल दिवा डोळ्यांसाठी चांगला असला तरी चालताना पांढराच लावा. लाल उजेडात मातकट फुरसं कातळावर अजिबात दिसत नाही.

सायली_रात्रपाळी
हे वरती ठळक अक्षरांत लिहायला हवं. शिवाय वनखात्याच्या हद्दीत आणि संरक्षित किल्ल्यांवर रात्री थांबायची परवानगी आधी विचारा. शेतात उभं राहायचं तर दिवसाउजेडी मालकाला भेटून सांगा. रात्री लाल दिवे घेऊन फिरणारी माणसं बघून वस्तीवर घबराट होते.

अमरावतीकर_अंधार
विदर्भातल्यांसाठी पेंच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. परिसरातले दिवे खाली तोंड करून झाकले गेले. हे आपल्या गावांतही होऊ शकतं. फोटोग्राफीच्या धाग्यावर विषयांतर वाटेल, पण वरच्या बाजूने बंद दिवा हे कुठल्याही लेन्सपेक्षा मोठं साधन आहे.

निऑन
शहरातूनच काढणाऱ्यांसाठी प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर घेतला तर? लेन्सला लावायचे मिळतात.

अधोबिंदू
बहुतेक पैसे वाया. ते फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते. त्या दिव्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो, तेवढाच पट्टा कापला की झालं. पांढरे एलईडी जवळजवळ सगळा दृश्य पट्टा व्यापतात. त्यातून तारे वेगळे काढणारी काच नाही.

निऑन
पण नॅरोबँडवाले शहरातून सुंदर तेजोमेघ काढतात, ते कसं?

श्रवण_धनिष्ठा
तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरच्या अरुंद रेषेत चमकतो. सात किंवा बारा नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर तेवढंच आत सोडतो, म्हणून शहरातूनही जमतं. त्याच्या दोन अटी. मूळ डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच हीच लाल रेषा बरीचशी अडवते, त्यामुळे कॅमेरा मॉडिफाय करावा लागतो. आणि एक्स्पोजर मिनिटांत जातं, म्हणजे ट्रॅकिंग आलंच. दीर्घिका आणि आकाशगंगेचा पट्टा हा ताऱ्यांचाच प्रकाश आहे, त्याला याचा उपयोग नाही. त्यासाठी काळोखातच जावं लागतं.

बिजागरी
ट्रॅकरचा विषय निघालाच आहे तर विकत घेण्याआधी घरी बनवा. बार्न डोअर म्हणतात: दोन फळ्या, एक लांब पियानो बिजागरी, एक बोल्ट.

एम६ बोल्टचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी असतो. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत २२८.५ मिमी ठेवा. बोल्ट मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की वरची फळी आकाशाच्या गतीने उघडते. एम८ घेतलात तर पिच १.२५, मग अंतर २८५.७ मिमी. १२ मिमी प्लाय पुरतो. खालच्या फळीत आटे असलेलं नट ठोकून बसवा, बोल्टचं टोक वरच्या फळीला जिथे टेकतं तिथे पत्र्याचा तुकडा लावा, नाहीतर टोक लाकडात रुततं. वरच्या फळीवर बॉल हेड.

उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. बिजागरी डाव्या हाताला, बोल्ट उजव्या, आणि बिजागरीची पिन ध्रुवाकडे. बाजू उलटी झाली तर तारे दुप्पट ओढले जातात. आपल्याकडे पिनेचा कोन जमिनीशी साडेअठरा अंश, म्हणजे जवळजवळ आडवी. परदेशी नकाशातली ४०-५० अंशांची पाचर जशीच्या तशी कापू नका.

हाताने फिरवायचं तर दर १५ सेकंदांनी पाव फेरा. मोटर हवी तर २८बीवायजे-४८ स्टेपर आणि ती चालवायला आर्डुइनो बोर्ड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात. फेऱ्याला २०४८ पावलं, म्हणजे सेकंदाला ३४.

अधोबिंदू
त्या मोटरच्या गिअरचं प्रमाण बरोबर ६४ नाही, ६३.६८ आहे. पावलं २०३८ येतात.

बिजागरी
बरोबर. फरक अर्ध्या टक्क्याचा. एका मिनिटात आकाश ९०० सेकंद-अंश (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक) सरकतं, त्यात चूक साडेचार. ५० मिमीला एक पिक्सेल १५ सेकंद-अंशांचा आहे, म्हणजे दिसणारही नाही. १३५ मिमी लावणार असाल तर कोडमध्ये २०३८ घाला.

मेघमुक्त
ध्रुवतारा १८ अंशांवर म्हणजे बऱ्याच जागांवरून डोंगराआड जातो. मग रोख कसा लावायचा?

बिजागरी
होकायंत्राने. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशापेक्षा कमी फरक आहे. कोन मोबाइलच्या लेव्हलने. फोन लोखंडी बोल्ट आणि ट्रायपॉडपासून लांब धरून दिशा घ्या.

रोख एक अंशाने चुकला तर तारा जास्तीत जास्त सेकंदाला ०.२६ सेकंद-अंश सरकतो. १८ मिमीला अडीच मिनिटांहून जास्त वेळात एक पिक्सेल, ५० मिमीला जवळजवळ मिनिटभरात एक, २०० मिमीला १४ सेकंदांत एक. म्हणून ५० पर्यंत होकायंत्र चालतं. २०० ला पोलर स्कोप (ध्रुवावर रोख लावायची छोटी दुर्बीण) आणि दिसणारा ध्रुव हवाच.

तिसरा_प्रहर
उपग्रहांच्या रेघांबद्दल कुणी लिहिलं नाही. साधी सरासरी काढली तर रेघ पुसट होऊन राहते. सॉफ्टवेअरमध्ये कप्पा-सिग्मा (इतर फोटोंशी न जुळणारे पिक्सेल वगळणारी सरासरी) निवडा, वीसेक फोटो असतील तर रेघ पूर्ण जाते. रेघ आलेला फोटो फेकून देऊ नका.

देवयानी_३१
दवाचंही राहिलं. नोव्हेंबर ते जानेवारी माळावर तासाभरात लेन्स धुरकट होते, कारण वर तोंड केलेली काच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड पडते. पुसून उपयोग नाही, दोन मिनिटांत परत. यूएसबीवर चालणारी हीटरची पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा, पण फोकसच्या कड्यावर नको. दव बसण्याआधीच चालू करा. हूड लावला तर वेळ वाढतो.

गडवाट
एक आक्षेप नोंदवतो. किल्ल्यावर आकाशगंगा असलेले कित्येक फोटो जोडलेले असतात. किल्ला उत्तरेला आणि त्याच्या माथ्यावर धनूचा गाभा, हे महाराष्ट्रातून कधीच दिसू शकत नाही.

सायली_रात्रपाळी
जमिनीचा फोटो वेगळा काढणं मला गैर वाटत नाही. तोच ट्रायपॉड, तीच दिशा, संधिप्रकाशात किंवा आयएसओ ८०० वर दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर, आणि खाली तसं लिहिणं. ट्रॅकरवर जमीन पुसट होतेच, तिथे दुसरा इलाजही नाही.

गडवाट
दिशा तीच असेल तर माझी हरकत मागे. आकाश दुसरीकडून आणून चिकटवणं मात्र त्या जागेबद्दल खोटं सांगणं आहे.

मेघमुक्त
भरपूर मिळालं. मूळ प्रश्न तरी उरतो: हंगामानंतर घ्यायचंच झालं तर?

तिसरा_प्रहर
ट्रॅकर. एफ ३.५ वरून एफ २.८ म्हणजे दीडपट प्रकाश. १३ सेकंदांवरून दोन मिनिटं म्हणजे नऊपट. आणि तुमच्या यादीतल्या तीनपैकी दोन गोष्टी, मृग आणि देवयानी, ११ मिमीमध्ये ठिपक्याएवढ्या येतील.

गडवाट
असहमत. किल्ला आणि आकाश एका चौकटीत हवं असेल तर रुंद लेन्सच. ट्रॅकर उचलून गड चढणं, रोख लावणं, मग जमीन वेगळी काढणं, यातच रात्र जाते.

अधोबिंदू
दोघांच्या आधी ५० मिमी संपवा. १८ मिमी एफ ३.५ चं छिद्र ५ मिमीचं, ५० मिमी एफ २.२ चं जवळजवळ २३ मिमीचं. मंद तारे दिसण्यात हाच फरक आहे. क्रॉपवर ती २५ गुणिले १७ अंश टिपते. उभी धरून, ३० टक्के एकमेकांवर ठेवत, पाच-सहा चौकटींत वृश्चिक ते धनु मावतं. प्रत्येक चौकटीला ४ सेकंदांचे २० फोटो, आधी चौकट जुळवा, मग पॅनोरमा. मृगाला त्याच लेन्सने ४ सेकंदांचे २००, एकूण १३ मिनिटं. तेजोमेघाचे पंख उमटतात. हे करून झाल्यावर जी उणीव टोचेल तीच वस्तू घ्या. तुमचा विषय पाहता ती ट्रॅकर असेल असं मला वाटतं.

मेघमुक्त
ठरलं, आधी ५० मिमी आणि दोनशे फोटो. दोनशे वेळा रिमोट दाबायचा का?

देवयानी_३१
नाही. कॅमेरा मॅन्युअलवर ४ सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअस, आणि रिमोटचं बटण दाबून पुढे सरकवून अडकवा. शटर आपोआप उघडत राहतं, मध्ये मोकळी जागाही राहत नाही. इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक अंतराने शटर दाबणारा रिमोट) वापरलात तर अंतराल एक्स्पोजरपेक्षा किमान एक सेकंद जास्त ठेवा, ४ ला ५. तो कमी किंवा समान ठेवला तर बरेच कॅमेरे दर दुसरा फोटो गाळतात. आणि निघण्यापूर्वी कार्ड रिकामं करा, रॉ फाइल २५-३० एमबीची धरली तर दोनशेचेच पाच-सहा जीबी होतात.